काठ्यांच्या मधून

गुरुवारी सकाळी सहालाच ताउनो गाडीवरचा बर्फ झाडायला बाहेर पडला. एरवी तो समोरच्या काचेवर तोंडापुरती जागा खरवडतो आणि निघतो. आज त्याने टप झाडला, चारही बाजूंच्या काचा साफ केल्या, दिवे पुसले, मागची नंबरपाटीसुद्धा पुसली. इंजिन गरम राहावं म्हणून विजेची वायर रात्रीपासून जोडलेलीच होती. बाहेर उणे चौदा होतं, मिशीवर बर्फ धरला होता, पण गडी शीळ घालत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिल्काने हे पाहिलं आणि तिला नवऱ्याची दया आली. पन्नास वर्षांच्या संसारात तिला एवढं नक्की कळलं होतं, की हा माणूस शीळ घालतो ती घाबरल्यावरच.

घाबरायला कारणही तसंच होतं. आज मेर्वी यायची होती. मेर्वी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, औलू शहरात रस्ते-सुरक्षेच्या एका कचेरीत नोकरीला. दर शरद ऋतूत घरोघरी एक पत्रक येतं, 'बर्फातून गाडी चालवताना' नावाचं. ते तीच लिहिते. अंतर ठेवा, ब्रेक हळू दाबा, पुलावर वेग कमी करा, रस्ता दिसत नसेल तर काठ्यांच्या मधून चला. हे शेवटचं तर ठळक अक्षरांत. अकरा वर्षांची अकरा पत्रकं ताउनोने एकदा वाचून सॉनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, भट्टी पेटवायला वापरली होती. यंदाचं मात्र आज टेबलावर उघडून ठेवलं होतं, वर चष्मा ठेवून.

झालं असं होतं, की नोव्हेंबरात दुकानाच्या आवारात ताउनोच्या गाडीचा सामानाच्या ढकलगाड्या ठेवायच्या टपरीला धक्का लागला. ताउनोचं म्हणणं, टपरी आधी तिथे नव्हतीच. दुकानदारीणबाईंनी मेर्वीला फोन केला. मेर्वीने बापाला सुनावलं, "बाबा, तुम्ही शहात्तर वर्षांचे झालात. मी येते एक दिवस. तुमच्या शेजारी बसते, दुकानापर्यंत जाऊ आणि परत येऊ. एक जरी चूक झाली, तर किल्ली माझ्याकडे."

ताउनो तावातावाने हो म्हणून बसला, आणि मग त्याची झोप उडाली. दुकान बावीस किलोमीटरवर. दवाखाना त्याच्याही पुढे. बस बंद होऊन नऊ वर्षं झालेली. किल्ली गेली म्हणजे घर गेलं, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. मेर्वीने शहरातल्या दोन खोल्यांच्या एका जागेचे फोटोही पाठवले होते. हिल्काने ते बराच वेळ पाहिले आणि लेकीला फोनवर एकच प्रश्न विचारला, "बाल्कनीत माती असते का गं?"

आता काठ्यांचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळेच झाला. आमच्याकडे जमीन गोठायच्या आत घराच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काठ्या रोवतात. नारिंगी रंगाच्या, टोकाला चकाकती पट्टी. एकदा बर्फ पडला की रस्ता, चर, शेत सगळं एकच पांढरं होतं. मग माणसाचा विश्वास फक्त काठ्यांवर. ताउनोच्या काठ्यांना तर पंचक्रोशीत मान होता. हा माणूस दर वर्षी ऑक्टोबरात वळणावरच्या भुर्जाच्या झाडापासून स्की आडवी धरून मोजतो आणि मग पहिली काठी रोवतो. बरोबर एक स्की, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. पुढच्या काठ्या पहिलीच्या रेषेत. गंमत अशी, की स्वतः तो काठ्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. "काठ्या लोकांसाठी," तो म्हणतो. "मला रस्ता ठाऊक आहे. भुर्ज आला की दोन श्वास, मग उजवीकडे."

मंगळवारी आणि बुधवारी वादळ झालं. वाऱ्याने रस्त्यावरचा बर्फ उचलून चरात भरला आणि वरून हात फिरवल्यासारखा सपाट केला. गुरुवारी उजाडलं तेव्हा दहा वाजले होते आणि बाहेर ओळखीचं म्हणावं असं फक्त भुर्जाचं झाड आणि काठ्या उरल्या होत्या.

सव्वादहाला फोन वाजला.

"बाबा, मी चरात गेले."

"कोणत्या?"

"आपल्याच. घराच्या वळणावर."

ताउनोने फोन दुसऱ्या कानाला लावला. काही गोष्टी दोन्ही कानांनी ऐकाव्यात अशा असतात. "लागलं का कुठे?"

"मी ठणठणीत आहे. गाडीचं नाक खाली गेलंय. मागे धोक्याचा त्रिकोण लावलाय, चमकणारं जाकीट घातलंय. चालत येते."

"तुझी आई विचारतेय, लागलं का?" ताउनो म्हणाला. हिल्काने काहीच विचारलं नव्हतं. ती वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळता मळता थांबली होती आणि खिडकीबाहेर वळणाकडे पाहत होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

मेर्वी आली ती गुडघ्यापर्यंत पांढरी. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात थर्मास, काखेत घोंगडी. पत्रकात लिहिलेलं सगळं सामान तिच्यापाशी होतं, गाडी तेवढी नव्हती.

"वेग किती होता?" ताउनोने विचारलं. आवाज शक्य तितका मऊ ठेवला होता.

"वीस."

"वीस." त्याने मान हलवली. "अशा हवेत वीस म्हणजे जरा जास्तच."

"बाबा."

"मी नाही म्हणत. पत्रकात आहे, पान दोन. परिस्थिती पाहून वेग ठेवावा."

"मी काठ्यांच्या मधून येत होते," मेर्वी म्हणाली. "अगदी मधून. दोन्ही बाजूंना सारखं अंतर. तरी डावं चाक गेलं खाली."

"होतं असं," ताउनो म्हणाला. "वयाचा दोष नाही तुझ्या. अठ्ठेचाळीस म्हणजे काही फार नाही." आणि त्याला इतका आनंद झाला, की तो लपवायला त्याला भांड्यांच्या कपाटात डोकं घालून उगाच कप शोधावे लागले.

हिल्काने तीन कप मांडले. मांडताना एक बशी फुटली. या घरात बशी फुटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

शेजारच्या ओस्मोला फोन गेला. ओस्मोकडे ट्रॅक्टर आहे, पुढे बर्फ सारायचं पातं आहे, आणि चरातून गाड्या काढणं हा त्याचा हिवाळ्यातला छंद आहे. एका गाडीला एक कप कॉफी आणि दोन पाव, हा गावचा जुना दर. तो म्हणाला, "पाच मिनिटांचं काम. कॉफी ठेवा."

हिल्काने चौथा कप काढला.

पाच मिनिटांनी इंजिनाचा आवाज आला, मग आवाज चढला, मग एकदम बदलला, आणि मग शांत झालं. तिघांनी खिडकीतून पाहिलं. मेर्वीच्या लाल गाडीच्या पलीकडे ट्रॅक्टर तिरका उभा होता, जसा तो कधीच उभा राहत नाही. ओस्मो दारातून नाही, वरून उतरत होता.

तो आत आला, टोपी काढली आणि बराच वेळ जोडे झाडत राहिला.

"काय झालं रे?" ताउनोने विचारलं.

"काही नाही. पोरीची गाडी मधे होती, म्हटलं डावीकडून वळसा घालावा. काठीपर्यंत चांगली दोन मीटर जागा होती." ओस्मो खुर्चीत बसला. "जागा होती, ताउनो. रस्ता नव्हता."

"तू चाळीस वर्षं येतोयस या रस्त्याने."

"तेच तर म्हणतोय. काठ्या दिसल्या, म्हटलं आता डोकं चालवायची गरज नाही. तुझ्या काठ्या म्हणजे काय, बायबल."

मेर्वीने बापाकडे पाहिलं. ताउनोने पत्रकाकडे पाहिलं. हिल्का म्हणाली, "कॉफी घ्या," आणि कपाबाहेर ओतली.

मग तालुक्याहून टोइंगवाल्याला बोलावलं. हा आर्तो, चाळिशीचा, टपावर पिवळा दिवा फिरणारी त्याची भली मोठी गाडी. फोनवरच त्याने बजावलं, "मी पुढे येणार नाही. लांब थांबणार, गाडी उलटी घेणार, तारेने ओढणार. एकोणीस वर्षांत माझी गाडी कुठे अडकलेली नाही. दोन तासांत पोचतो. काही खायला असेल तर बरं."

हिल्काने पाचवा कप काढला. काढताना चमचा खाली पडला. मेर्वी म्हणाली, "आई, बस जरा, मी करते." हिल्का म्हणाली, "नको, मला उभीच राहू दे."

आर्तो आला आणि त्याने बोलल्याप्रमाणे सगळं केलं. लांब थांबला, खाली उतरून रस्ता पायाने दाबून पाहिला, गाडी फिरवली आणि आरशात दोन्हीकडच्या काठ्या नीट धरून उलटा येऊ लागला. त्याच्याइतकी सरळ गाडी उलटी घेणारा माणूस जिल्ह्यात नसेल. काठ्यांच्या बरोबर मधून, इंच न इंच सारखं अंतर ठेवून, तो मागच्या चाकाने चरात गेला आणि पुढचं चाक त्याच्या पाठोपाठ गेलं.

आता मात्र ताउनोचा आनंद संपला. पोरीची गाडी गेली ती गंमत होती. ओस्मोचा ट्रॅक्टर गेला तो योगायोग म्हणता आला असता. पण टोइंगची गाडी चरात गेली म्हणजे चर चुकीच्या जागी आहे, नाहीतर काठ्या. आणि चर काही चालत नाही. त्याने कोट चढवला, फावडं घेतलं आणि वळणावर गेला.

भुर्जापाशी उभं राहून त्याने फावडं आडवं धरलं. पहिली काठी झाडापासून एक स्की असायला हवी. होती जवळजवळ दोन. घराकडे येताना उजव्या हाताला लागणाऱ्या सगळ्या काठ्या रस्त्याच्या पोटात शिरल्या होत्या. डावीकडच्या तेवढ्याच सरकून चराच्या पार पलीकडे गेल्या होत्या. रुंदी अगदी बरोबर होती. ज्याने कोणी हे केलं होतं, त्याने काळजीपूर्वक केलं होतं.

मग त्याने उजव्या काठ्यांच्या मागे पाहिलं. तिथे हिल्काचे पांढरे गुलाब होते, आठ झुडपं, गोणपाटात गुंडाळून, वर देवदाराच्या फांद्या घालून छान झोपवलेले. लग्न होऊन आली तेव्हा आईच्या अंगणातली एक फांदी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन आली होती ती, बसमधून. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत दोन आठवडे फुलतात, जूनच्या शेवटी. आणि दर हिवाळ्यात ओस्मोचं पातं त्यांच्यावर बर्फाचा ढीग लोटतं आणि अर्ध्या फांद्या मोडतं. दर हिवाळ्यात ती सांगते. दर हिवाळ्यात ताउनो म्हणतो, "रस्ता तिथे आहे त्याला मी काय करू?"

ऑक्टोबरात तो एल्क हरणाच्या शिकारीला तीन दिवस जंगलात होता, ते त्याला आठवलं. परत आला तेव्हा हिल्का कंबर शेकत बसली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, बटाटे काढले. बटाटे सप्टेंबरात काढून झाले होते. तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं, कारण जेवण गरम होतं.

"काका," आर्तो मागून म्हणाला, "या काठ्या रोवल्यात कोणी?"

आर्तोच्या मागे ओस्मो होता आणि ओस्मोच्या मागे चमकणाऱ्या जाकिटात मेर्वी. तिघंही थांबले होते. ताउनोने घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत पडदा बाजूला धरून हिल्का उभी होती.

"मी," ताउनो म्हणाला.

"शुद्धीत होतात ना?"

"मागच्या वर्षी तर बरोबर होत्या रे," ओस्मो म्हणाला. "चाळीस वर्षं बरोबर होत्या."

"यंदा चुकल्या. वय झालं."

"तू स्की धरून मोजतोस की."

"चुकल्या म्हणालो ना, ओस्मो."

ओस्मोने गुलाबांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तोही पंचेचाळीस वर्षं संसार केलेला गडी होता.

परत आल्यावर ताउनोने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर पत्रकाच्या वर ठेवली. दुकानापर्यंत जायची वेळच आली नव्हती. परीक्षा दारातच संपली होती.

"घे," तो मुलीला म्हणाला. "ठरलं होतं तसं. ज्याला काठी रोवता येत नाही त्याने गाडी काय चालवायची."

"ताउनो," हिल्का म्हणाली. "मला सांगायचंय, त्या काठ्या..."

"कॉफी ओत. आर्तोचा कप रिकामा आहे."

"अरे, ऐक तरी..."

"हिल्का, कॉफी ओत."

नवऱ्याने असं हुकूम केल्यासारखं बोललेलं तिला एरवी खपत नाही. आज तिने ओतली. आर्तोने चौथा पाव उचलला आणि म्हणाला, की एकोणीस वर्षांत त्याने असे पाव खाल्ले नाहीत. मग त्याने कोणाला तरी फोन केला. मोठी क्रेन उद्या दुपारी येणार होती. मेर्वीने किल्ली हातात घेतली, उलटसुलट केली आणि खिशात टाकली. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. तिला ती किल्ली हवी होती, पण अशी नको होती, आणि घरात शिरल्यापासून पहिल्यांदाच तिला बाबा म्हातारे वाटले.

मग तिने घड्याळ पाहिलं आणि ती उठून उभी राहिली.

"मला पाच दहाची रेल्वे पकडायला हवी. उद्या सकाळी आठला चाळीस बसचालक माझी वाट पाहतायत."

"कशाला?" ओस्मोने विचारलं.

"व्याख्यान आहे." मेर्वी जरा थांबली. "बर्फातल्या सुरक्षित वाहतुकीवर."

कोणी हसलं नाही. हसायला बसलेल्यांपैकी दोघांच्या गाड्या बाहेर तिरक्या होत्या.

तिने टॅक्सीला फोन लावला. टॅक्सीवाल्याने पत्ता विचारला, पत्ता ऐकला आणि म्हणाला, "ताउनोचं घर? म्हणजे टोइंगवाला ज्या चरात गेलाय तेच ना? नाही ताई, मला पोरंबाळं आहेत." दुसऱ्याने फोनच उचलला नाही. आर्तोची गाडी खाली पडून तासही झाला नव्हता आणि बातमी तालुक्याला पोचली होती. आमच्याकडे इंटरनेट हळू चालतं, पण बातमीचं तसं नाही.

शेवटी मेर्वीने खिडकीतून अंगणात पाहिलं. तिथे ताउनोची बावीस वर्षांची निळी गाडी उभी होती, झाडलेली, पुसलेली, वायर जोडलेली, कोमट. अख्ख्या परिसरात चारही चाकांवर उभी असलेली ती एकच गाडी होती.

"मी चालवते," मेर्वी म्हणाली.

"आणि परत कोण आणणार?" ताउनो म्हणाला. "शिवाय रस्ता कुठे आहे ते तुला ठाऊक नाही."

हे खरं होतं. मेर्वीने खिशात हात घातला आणि किल्ली पुढे केली.

अंधार पडला होता, दुपारचे तीन वाजले होते. ताउनोने पट्टा बांधला, आरसा बसवला, गाडी सुरू केली.

"बाबा, वायर."

"तेच पाहत होतो, तुझ्या लक्षात येतं का," ताउनो म्हणाला आणि खाली उतरून वायर काढून आला.

वळणापाशी तो थांबला. चराच्या बाजूला तीन वाहनं ओळीने कलली होती, आर्तोची सगळ्यात पुढे. ट्रॅक्टरचं मागचं चाक रस्त्यावर आलेलं होतं. जायला जागा होती ती एकच, दुसऱ्या बाजूच्या काठ्यांच्या पलीकडून, गुलाबांना खेटून. गाडीएवढी रुंद नव्हती, थोडी कमीच होती. ताउनो दिव्यांच्या उजेडात त्या फटीकडे पाहत राहिला. त्याने गियर काढला.

"जमणार नाही," तो म्हणाला.

"जमेल की. फक्त फांद्या आहेत," मेर्वी म्हणाली.

"जमणार नाही म्हणतो ना."

तेवढ्यात दिव्यांच्या उजेडात हिल्का आली. नवऱ्याचे मोठे बूट, अंगावर घरातलाच स्वेटर, डोक्याला काही नाही. तिने पहिली काठी दोन्ही हातांनी धरली, पिळली, उपटली आणि मागे फेकली. मग दुसरी. तिसरी गोठली होती ती मोडली. मग ती गुलाबांत शिरली, गोणपाटासकट पहिलं झुडूप कवेत घेतलं आणि मागे वाकवून धरलं. मान वळवून ती म्हणाली, "ये. हळू ये."

ताउनोने गाडी पुढे घेतली. ब्रेकवर पाय ठेवून, माणूस चालतो त्याच्याही निम्म्या वेगाने. एक झुडूप झालं की हिल्का पुढच्यापाशी जायची, कवेत घ्यायची, मागे वाकायची. आठ झुडपं. दोनदा कड्‌कन आवाज आला आणि दोन्ही वेळा ताउनोने डोळे मिटले, जे बर्फात गाडी चालवताना करू नये. मेर्वीने ते पाहिलं आणि चूक म्हणून धरलं नाही. भुर्जाच्या झाडापाशी गाडी मोकळी झाली तेव्हा हिल्काने हात वर केला आणि घराकडे चालू लागली.

मोठा रस्ता लागला. ताउनो साठने चालला होता. पुढे लाकडं नेणारा ट्रक होता, त्याच्यापासून त्याने एवढं अंतर ठेवलं की मधे शाळा भरली असती. नदीच्या पुलावर त्याने आधीच वेग उतरवला.

"काठ्या आईने हलवल्या," मेर्वी म्हणाली.

"काठ्या मी रोवल्या."

"बाबा, मी आंधळी नाहीये."

"तू जूनमध्ये येतेस, खिडकीपाशी बसतेस, म्हणतेस काय छान वास येतोय," ताउनो म्हणाला. "तो वास कुठून येतो असं वाटलं तुला? चाळीस वर्षं ती मला सांगतेय आणि चाळीस वर्षं मी म्हणतोय, रस्ता तिथे आहे. बाईने एकदा स्वतःच सरकवला. त्यात तिचं काय चुकलं?"

"तीन गाड्या चरात गेल्या."

"ते आहेच," ताउनोने कबूल केलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण रुंदी बरोबर ठेवली होती तिने. बोटभरही फरक नव्हता."

मेर्वीला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिने पुसलं आणि काचेला वाफ धरल्याचं निमित्त करून काचही पुसली.

स्टेशनवर ते पाऊण तास आधी पोचले. मेर्वी उतरली, फावडं, घोंगडी, थर्मास सगळं घेतलं. किल्ली तिथेच लटकत होती, दोघांनाही दिसत होती. ताउनोने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"निकाल?" त्याने विचारलं.

मेर्वीने दार लावता लावता वाकून आत पाहिलं. "दुकानाच्या टपरीला लांबून वळसा घालत जा," ती म्हणाली आणि गेली.

तो घरी आला तेव्हा हिल्का दिव्याखाली बसली होती. हात काट्यांनी भरले होते. ताउनोने चष्मा लावला, सुई घेतली, तिचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि एकेक काटा काढू लागला. ती तोंड फिरवून बसली होती. पाच-सहा काटे निघाल्यावर त्याने विचारलं, "बटाटे राहिलेत का अजून काढायचे?"

"गप बस," हिल्का म्हणाली, पण हात तिथेच ठेवला.

दोन झुडपं गेली होती, सहा जगली. जूनमध्ये मेर्वी आली तेव्हा खिडकीतून वास येत होता, आणि ती खिडकीपाशी न बसता सरळ गुलाबांपाशी गेली.

ऑक्टोबरात नवं पत्रक आलं. हिल्काने ते नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचलं. अंतर ठेवा, ब्रेक हळू दाबा, काठ्यांच्या मधून चला. त्याखाली यंदा एक नवीन ओळ होती, तीही ठळक अक्षरांत: घराच्या रस्त्यावर काठ्या रोवण्यापूर्वी घरातल्या सर्वांचं मत घ्यावं, विशेषतः रस्त्याकडेला गुलाब असल्यास.

"काहीही लिहितात मेले," हिल्का म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "गुलाबाचा आणि गाडीचा काय संबंध?"

"छापून आलंय म्हणजे पाळायला हवं," ताउनो म्हणाला. त्याने खुंटीवरची स्की काढली, बूट घातले आणि हिल्काला बाहेर बोलावलं. भुर्जापाशी जाऊन त्याने स्की तिच्या हातात दिली.

"किती मोजू?" तिने विचारलं.

"तुला हवं तितकं."

तिने थोडा विचार केला आणि जरा लांबच मोजलं. तिने दाखवलं तिथे त्याने पहिली काठी रोवली. दुसऱ्या दिवशी त्याने ओस्मोला फोन करून सांगितलं, जमीन गोठायच्या आत ट्रॅक्टर घेऊन ये, चर दोन मीटर डावीकडे हलवायचाय. कॉफी ठेवतो.